दोघांनीच होडीतून गोव्याला जाताना

मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या होडीतून जायचं म्हणणारी जोडपी भेटली की पहिला प्रश्न होडीचा असतो. किती फुटी, इंजिन कुठलं? मला विचाराल तर आधी झोपेचा विचार करा. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, पण होडीवर दोघंच असलात की एक झोपल्यावर दुसरा अगदी एकटा असतो. रात्रीमागून रात्री आळीपाळीने जागलात तर दोघांचीही डोकी चालेनाशी होतात. म्हणून आम्ही मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असे मुक्काम करत गेलो.

हर्णैहून पहाटे, उजाडायच्या आत निघालो होतो. मी सुकाणूवर, नवरा खाली झोपलेला. एकाएकी इंजिनाचा आवाज दबला, होडी थरथरली आणि जागीच अडकली. बॅटरी मारून पाहिलं तर मागे पाण्यावर प्लास्टिकच्या कॅनांची रांग. जाळ्याची दोरी पंख्यात गेली होती.

अशा वेळी आधी इंजिन बंद करायचं आणि चावी काढून पाण्यात उतरणाऱ्याच्याच खिशात द्यायची. नवरा कमरेला दोर बांधून उतरला, दोराचं दुसरं टोक खुंट्याला. नायलॉन तापून पंख्याच्या दांड्यावर घट्ट बसलं होतं, दातेरी सुरीने एकेक पीळ कापावा लागला. तोवर शीड उतरवणं, होडी कुठे वाहतेय ते बघणं, व्हीएचएफच्या १६ नंबरवर जवळच्या बोटींना कळवणं, सगळं माझ्यावर होतं. पहाटेचा मतलई वारा आम्हाला किनाऱ्यापासून लांब नेत होता, म्हणून वेळ मिळाला. हेच दुपारी घडलं असतं तर खाऱ्या वाऱ्याने होडी खडपांकडे लोटली असती.

थोड्या वेळाने जाळ्याचा मालक तांडेल आला. नुकसान त्याचं झालं होतं, आम्ही ते भरून दिलं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, एक झेंडा दिसला की दुसरा शोधायचा. दोघांच्या मधनं जायचं नाही." पुढे गोव्यापर्यंत हे वाक्य पदोपदी कामाला आलं. जाळ्याच्या दोन टोकांना असे झेंडे असतात. रात्री झेंड्याच्या जागी लुकलुकता दिवा असतो, पण तो असेलच असं नाही.

बहुतेक होड्यांवर सुकाणू नवऱ्याकडे आणि चूल बायकोकडे अशी वाटणी दिसते. ती निघण्याआधी बंदरातच मोडा. इंजिन चालू करणं, नांगर उचलणं, रेडिओवर आपली जागा सांगणं, पाण्यात पडलेल्या माणसाकडे होडी वळवून आणणं, हे प्रत्येकाला एकट्याने जमलं पाहिजे. ज्याला जमत नाही त्याने आधी शिकावं, मग निघावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

खाडीत शिरायची घाई नको. तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, दुपारचा वारा समोरून येतो आणि तिथे लाटा उभ्या राहतात. चढत्या भरतीला, उजेडात शिरा. उशीर झाला असेल तर बाहेर खोल पाण्यात रात्र काढलेली बरी, कितीही दमलेले असलात तरी. नांगराचा दोर सोडताना भरतीचा हिशेब धरा. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं, गोव्याकडे जेमतेम दोन. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली खडक पसरलेत. नकाशा असला तरी तिथला माणूस बरोबर घ्या.

आणि परतीचं आधीच ठरवा. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर येतो, आणि फेब्रुवारीनंतर त्याचा जोर वाढत जातो. येताना मतलईवर भिस्त ठेवावी लागते. पहाटे निघायचं, दुपारचा वारा भरायच्या आत पुढचं बंदर गाठायचं. त्यामुळे टप्पे लहान होतात आणि दिवस जास्त लागतात. तेवढी रजा नसेल तर होडी गोव्यातच ठेवून रेल्वेने घरी या.