खुडूक कोंबडी आणि उन्हाळ्यातील अंडी

भिवंडीच्या आसपासच्या खेड्यांत गावठी कोंबड्या पाळणारी घरे अजूनही आहेत. अंडी देता देता एखादी कोंबडी एकाएकी बसूनच राहते, पिसे फुलविते, हात नेला की टोचते. ती ‘खुडूक’ झाली असे आपण म्हणतो. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढल्यामुळे ही अवस्था येते. अंडी बंद होतात, पोटाखालची पिसे गळतात आणि तेथल्या उघड्या कातडीत रक्तपुरवठा वाढतो. कोंबडीचे शरीर सुमारे ४१ अंश सेल्सिअस, तर अंड्याला हवे असतात ३७.५ ते ३८ अंश. पिसे हा उष्णतेचा दुर्वाहक आहे. तोच मधून निघाल्यामुळे ऊब सरळ अंड्यात शिरते.

घरात साठविलेली दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवतात. कधी दहा पिले निघतात, कधी तीन. मग “कोंबडी नीट बसली नाही” असा ठपका तिच्यावर येतो. पिले वाढवीपर्यंत ती पुन्हा अंडी देणार नसते. म्हणजे घरचे दुहेरी नुकसान. माझ्या मते पुष्कळदा दोष कोंबडीचा नसतो, अंडी बसविण्यापूर्वीच्या आठवड्याचा असतो.

फलित अंडे बाहेर पडते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ कोंबडीच्या पोटातच सुरू झालेली असते. अंडे गार झाले की ती थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत गर्भ जणू झोपून राहतो. पण त्यासाठी तापमान सुमारे २१ अंशांच्या खाली हवे. त्याच्या वर आणि ३७ च्या बरेच खाली असले, तर वाढ अर्धवट, वेडीवाकडी चालू राहते व गर्भ दुबळा होऊन मरतो. आता भिवंडीचा मे महिना आठवा. रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली क्वचितच येतो! फडताळात दहा दिवस ठेवलेले अंडे त्या सगळ्या काळात धड झोपलेले नसते आणि धड जागेही नसते.

ओल्या वाळूच्या मडक्यात अंडी ठेवावीत, असा सल्ला देतात. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला उपयोगी पडतो. भिवंडीला मात्र खाडी जवळ, हवा दमट. त्यामुळे बाष्पीभवन मंद होते. प्रयोगशाळेतल्या ओल्या-कोरड्या तापमापकांपैकी ओला जे तापमान दाखवितो, त्याच्या खाली मडके उतरू शकत नाही. मे महिन्यात तो आकडा येथे २५ च्या आसपास किंवा वरच असतो. स्वतः वाचून पाहा. फ्रिज चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तो पुन्हा फार गार. म्हणून उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतलीच अंडी बसवावीत. जानेवारीत रात्री २० च्या खाली जातात, तेव्हा आठवडाभराची चालतात. बाजारातील पांढरी अंडी मात्र नकोत. त्या फार्मवर कोंबडाच नसतो.

टोपलीत राख व माती घालून वर पेंढ्याचा खोलगट खळगा करावा. सपाट बूड असले की अंडी कडेला घरंगळतात आणि गार पडतात. सगळी अंडी एकाच दिवशी, शक्यतो संध्याकाळी ठेवावीत. ५० ग्रॅमचे अंडे ३० वरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे ३२० कॅलरी लागतात (विशिष्ट उष्णता ०.८ धरून). बारांना जवळजवळ ३,८०० कॅलरी. कोंबडी एका मिनिटात जेमतेम ७०-८० कॅलरी निर्माण करते, म्हणजे सारी उष्णता अंड्यांतच गेली तरी पाऊण तासाच्या वर वेळ लागेल. उलट ती दाण्यापाण्यासाठी पंधरा मिनिटे उठली, तर अंडी फारशी निवत नाहीत. तेव्हा तिला हुसकून परत बसवू नये.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या भोकातून टॉर्च लावून अंडी पाहावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या की गर्भ जिवंत. स्वच्छ दिसणारे अंडे काढून घ्यावे. तराजू असेल तर एका अंड्यावर पेन्सिलीने खूण करून वजन लिहीत जा. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून १८ दिवसांत ५० ग्रॅमचे ४४ च्या आसपास होते, आणि बोथट टोकाकडील हवेची पोकळी तेवढी मोठी होते. पिलू पहिला श्वास त्याच पोकळीतून घेते.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. आता प्रत्येक गर्भ स्वतःच एक दशांश वॉटहून अधिक उष्णता देत असतो, आणि कोंबडीला ऊब देण्याइतकेच ती बाहेर जाऊ देण्याचेही काम करावे लागते. एकविसाव्या दिवशी पिले कवच फोडतात. उरलेला बलक पोटात ओढून घेतल्यामुळे पहिला दिवसभर त्यांना दाणा लागत नाही. मागे राहिलेल्यांसाठी कोंबडी तशीच बसून राहते.