हिरडीतून रक्त येणे ही शरीराची हाक

वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की मायमाउल्या आम्हाला सांगतात, "ताई, ब्रश केला की रक्त येतं, म्हणून ब्रश सोडला. आता मिश्री लावते." कुणी म्हणते उष्णता झाली, कुणी म्हणते वय झाले. खरे कारण वेगळे आहे.

दात आणि हिरडी यांच्या फटीत जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो तसाच राहिला की त्यात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू बळावतो व जिंजिपेन नावाची प्रथिने सोडतो. ही प्रथिने कात्रीसारखी असतात. हिरडीच्या पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिने ती कापतात, पेशीवरची धोका ओळखणारी प्रथिनेही कापतात. वस्तीत आग लागली की एका घरची हाक दुसऱ्या घरी जाते, तसा पेशीच्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे ताणाचा संदेश जातो आणि केंद्रकापर्यंत पोहोचतो. मग पेशी इंटरल्युकिन नावाचे पदार्थ सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावते. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते.

ही हाक थोडे दिवस चालली तर उपकारकच. पण थर निघालाच नाही तर ती थांबत नाही. आग विझवता विझवता घरच पडावे, तसे दाताला धरणारे हाड झिजते. दात हलतो तो यामुळे. शिवाय त्या जिवाणूला लागणारे लोह रक्तातूनच मिळते. मधुमेहात हा आजार बळावतो आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते, हे आपण जाणतोच.

म्हणून रक्त आले तरी ब्रश सोडू नका. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेने हलक्या हाताने दात घासा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने कर्करोगाचा धोका वाढतो. घट्ट झालेले किटण ब्रशने निघत नाही, ते सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात काढून घ्या. "दात साफ केले की हलतात" ही भीती खोटी आहे. हाड आधीच झिजलेले असते, किटण निघाल्यावर ते जाणवते एवढेच. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही, म्हणून उशीर नको. साखरही तपासून घ्या.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे तथागतांनी शिकवले. हिरडीचे दुखणेही त्याला अपवाद नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!