सही करायच्या आधी

दारव्हा

चि. बाळू यास,
मामाचा आशीर्वाद.

काल बसस्टँडवर तुझ्या आत्याचा जावई भेटला. त्याच्याकडून कळलं की तू वणीत एका फायनान्सवाल्याकडे कागद दिलेत, चामडं शिवायची मोठी मशीन आठवडी हप्त्यावर उचलतोयस आणि जामीन म्हणून आईची सही घेणार आहेस. हे खरं आहे का? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सही झाली नसेल तर थांब. झाली असेल तर लपवू नको, लगेच कळव.

मशीन घेऊ नको असं मी म्हणत नाही. आबाजींची हयात मोटा शिवण्यात गेली. विहिरींवर मोटारी बसल्या आणि ते काम संपलं. पोळ्याला बैलांचे पट्टे, घुंगुरमाळा अजून खपतात, पण पोळा वर्षातून एकदाच येतो आणि कितीतरी घरी बैलाच्या जागी ट्रॅक्टर आलाय. कमरेचे पट्टे, पाकिटं, पिशव्या करून पोट भरायचं तू ठरवलंस, ते मला मनापासून पटलं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कोणती मशीन घ्यायची हे तू मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवलंस. चपलेचा तळ आणि पाकीट एकाच मशीनवर निघतं, असं त्यात सांगतात म्हणे. अरे, तू आपल्या घरातला पोरगा. तुला हे पटलंच कसं?

तळ शिवायची मशीन वेगळीच असते. माझ्या दुकानातली हाताने फिरवायची मोची-मशीन डागडुजीला चांगली; तिचा पाय चहूकडे वळतो, बुटाच्या नाकापर्यंत सुई जाते. पण बॉबिन इवलीशी, आणि पट्ट्याची लांब सरळ शिवण तिच्यावर देखणी येत नाही. तुझ्या आईची कपड्याची मशीन पातळ, मऊ चामडं शिवेल, सोळा-अठरा नंबरची चामड्याची सुई लावलीस तर. जाड पट्ट्यावर मात्र खालचे दाते तेवढे ओढतात, वरचा पदर मागे राहतो आणि शेवटाला दोन कडा जुळत नाहीत. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही.

तुला लागते ती वॉकिंग फूटची. तिच्यात सुई, वरचे पाय आणि खालचे दाते मिळून माल पुढे नेतात. पिशव्यांचे कोपरे शिवायचे असतील तर सिलिंडर बेड बघ, म्हणजे पिशवी तिच्या दांड्यावर चढवता येते. नुसते पट्टे-पाकिटं असतील तर सपाट टेबलाची पुरे. बुटाच्या वरच्या भागाला खांबाची, म्हणजे पोस्ट बेड. मोटर सर्वो घे, ती एकेक टाका हळू चालते. क्लच मोटर नवख्या हाताला पळवत नेते. म्हणूनच विचारतो, तू नक्की काय करणार? तुझी आई फोनवर म्हणाली पिशव्या, जावई म्हणतो बूट. हे ठरल्याशिवाय हप्ता कशाचा भरणार आहेस?

हप्त्यावरच माझं मन पुन्हा पुन्हा येतं. तू अजून दोरा ओवायला शिकत असशील, तेव्हाही तो वसुलीवाला दारात उभा राहील. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी किती घरं बसली हे तू लहानपणापासून बघतोयस. पैसाच लागत असेल तर सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे, तिच्या 18 व्यवसायांत आपलं काम आहे. प्रशिक्षणाला दिवसाचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, 5 टक्के व्याजाने, 18 महिन्यांत फेडायचं, तेही तारणाशिवाय. मग आईची सही कशाला? संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ 1974 पासून आहे, तिथेही विचार. खेटे घालावे लागतील. घाल.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा आबाजी मला दोन सुयांचा टाका शिकवायला बसवत. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून दोरा. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. मला कंटाळा यायचा, मी उठून टॉकीजला पळायचो. ते गेले तेव्हा त्यांच्या हातातलं अर्धं माझ्याकडे आलंच नव्हतं. आज पोळ्याचा पट्टा शिवताना त्यांना काही विचारावंसं वाटतं, आणि विचारायला कोणी नाही. तुझी आई मात्र बाजूला भाकरी थापता थापता बघत असायची. तिने तो टाका उचलला आणि तुला दिला.

दिवाळीला तू पाठवलेला पट्टा मी रोज लावतो. बकलाजवळ चार पदर येतात, तिथेसुद्धा टाके सारखे आहेत, आणि शेवटचे दोन मागे घेऊन दोऱ्याचं टोक तू पदरात दडवलंयस. दुकानात येईल त्याला मी ते दाखवतो.

रागाने लिहून गेलो, मनावर घेऊ नको. मशीन बघायला नागपूरला मी तुझ्याबरोबर येतो. जुनी मशीन चालेल, शटलची चोच झिजलेली नसली म्हणजे झालं. आपलं चामडं आणि आपला जाड दोरा सोबत घेऊ, दुकानदाराचा तुकडा नको. चार पदर पायाखाली घालून आधी चाक हाताने फिरवू. सुई न अडखळता गेली पाहिजे. मग उलटं करून खालचा टाका बघू. सुया आणि बॉबिन केस पुढेही मिळत राहतील ना, तेही विचारू. पैसे कमी पडले तर पोळ्याच्या मालाचे माझ्याकडे थोडे आहेत. त्यांना व्याज नाही, हप्ता नाही.

रविवारी ये, आईलाही घेऊन ये. मामी अंबाडीची भाजी करणार आहे. एवढ्या लांब तिला मोटारसायकलवर आणू नको, एसटीने या. यवतमाळला गाडी बदलली की फोन कर, मी स्टँडवर येऊन उभा राहतो.

तुझा,
मामा