दूरचा आवाज

परगावी राहणाऱ्या मुलाचा आवाज ऐकावयाचा झाल्यास पूर्वी घरातील वडील माणसे तारघरात जाऊन ‘ट्रंक कॉल’ नोंदवीत आणि जोडणी मिळेपर्यंत तेथील बाकावर वाट पाहत बसत. ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून परगावी दूरध्वनी करण्याची सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली कानपूर व लखनौ या शहरांच्या दरम्यान झाली. आज खेड्यातील आजीबाई ओटीवर बसून लंडनमधील नातीशी तिचे तोंड पाहत बोलतात. हा पालट ज्या साधनाने घडला ते मोबाइलवर बसविण्याचे काम घरोघरी बहुधा तुम्हां मुलांकडेच येते. हाताच्या सवयीने होणाऱ्या कामाच्या मुळाशी काय आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

जुन्या दूरध्वनीत बोलणाऱ्या दोघांसाठी एक अखंड वाट राखून ठेवलेली असे. दोघेही गप्प बसले तरी ती तिसऱ्यास मिळत नसे. इंटरनेटची रीत निराळी आहे. समजा, एक लांबलचक पत्र तुम्ही शंभर पोस्टकार्डांवर लिहिलेत, प्रत्येकावर अनुक्रमांक घातलात आणि ती निरनिराळ्या वाटांनी धाडलीत; घेणाऱ्याने ती क्रमाने लावून वाचावयाची. आवाजाचेही असेच होते. मोबाइल आपला आवाज अंकांत रूपांतरित करतो, त्याचे बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पुडक्यात घालून रवाना करतो. म्हणजे मिनिटभराच्या बोलण्याची ३,००० पुडकी झाली! पलीकडचा मोबाइल ती जुळवून त्यांचा पुन्हा आवाज बनवितो. एखादे पुडके फार उशिरा आले, तर त्याच्यासाठी थांबून चालत नाही. ते टाकून द्यावे लागते. ‘ऐकू येतंय का?’ म्हणून आपण ओरडतो, तेव्हा पुष्कळदा अशीच पुडकी वाटेत गळालेली असतात, आणि ओरडण्याने ती परत येत नाहीत. अशा वेळी चित्र बंद करून नुसते बोलावे; कारण चित्राला आवाजाच्या कित्येक पट जागा लागते.

या पद्धतीचे प्रयोग अमेरिकेत १९७४ सालीच झाले होते. सामान्य माणसाच्या हाती ती मुख्यतः २००३ साली निघालेल्या स्काइपने दिली. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. पण तोवर व्हॉट्सॲप, सिग्नल इत्यादी साधने घरोघरी पोहोचली होती.

ही साधने मोबाइलवर उतरवून घेण्यास फारसे कौशल्य लागत नाही. ती मोबाइलमधील अधिकृत भांडारातूनच घ्यावी, कोणी पाठविलेल्या दुव्यावरून घेऊ नये, एवढे पाळले म्हणजे पुरे. खरे महत्त्व पुढच्या पायरीस आहे. साधन आपला क्रमांक विचारते आणि त्या क्रमांकावर सहा अंकांचा संकेत धाडते. हा संकेत म्हणजे घराची किल्ली होय. तो ज्याच्या हाती पडेल, त्याला आजीच्या नावाने तिच्या आप्तेष्टांकडे पैसे मागता येतील. म्हणून मागणारा कितीही गोड बोलला, तरी संकेत सांगावयाचा नाही, हे आजीला पुन्हा पुन्हा सांगावे. आणि ‘द्विस्तरीय पडताळणी’ चालू करून तिच्या लक्षात राहील असा, पण जन्मसाल नव्हे असा, सहा अंकी पिन तिलाच निवडू द्यावा.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. सोय म्हणून पुष्कळ मुले आजीच्या मोबाइलवर स्वतःचा किंवा वडिलांचा क्रमांक घालतात. तसे करू नये. खाते क्रमांकाला बांधलेले असते. ज्याचा क्रमांक, त्याचे खाते. आजीचे बोलणे तिच्या स्वतःच्या क्रमांकावरच असावे आणि तो क्रमांक चालू राहील, हेही पाहावे. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते.

त्यानंतर साधन ध्वनिग्राहक, कॅमेरा व संपर्कयादी वापरण्याची परवानगी मागते. ध्वनिग्राहकाची परवानगी घाईत नाकारली गेली, तर आजीला नातीचे बोलणे ऐकू येते, पण नातीला आजीचे येत नाही. आणि दोघींचाही समज होतो की मोबाइल बिघडला. परवानगी ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन पुन्हा देता येते. नातेवाईक दुबईस असतील, तर मात्र दोष मोबाइलचा नसतो. संयुक्त अरब अमिरातीत तेथील शासनाने मान्य केलेलीच साधने अशा संभाषणास चालतात.

आणीबाणीच्या वेळी या साधनांवर विसंबून राहू नये. ११२ हा क्रमांक मोबाइलच्या नेहमीच्या दूरध्वनीवरूनच लावावयाचा असतो. तसेच, गणवेशातील कोणी व्हिडिओवर दिसून ‘तुम्हांस अटक झाली आहे’ असे म्हणू लागला, तर तो भामटा समजावा; व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० वर कळवावे.

सर्व जुळले म्हणजे शेजारच्या खोलीतून आजीला एकदा कॉल करून पाहावा आणि तो तिलाच उचलू द्यावा. मग लंडनचा क्रमांक तिच्या बोटाने लावून घ्यावा. वेळ मात्र पाहावी. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा तेथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात.

अभ्यास : जुन्या दूरध्वनीची वाट आणि इंटरनेटची वाट यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा. ‘ज्याचा क्रमांक, त्याचे खाते’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा. घरातील वडील माणसांस पूर्वीच्या ट्रंक कॉलविषयी विचारून त्यांची एक आठवण आठ-दहा ओळींत लिहून आणा.