शेताची अडविलेली वाट आणि मामलेदार कोर्टाचा दावा

शेत कितीहि कसदार असलें तरी त्यास बैलगाडी जाण्याजोगी वाट नसेल तर तें पिकून घरीं येत नाहीं. पेरणीच्या ऐन हंगामांत शेजाऱ्यानें वाटेंत कांटे टाकले किंवा चर खणला म्हणजे शेतकरी प्रथम भाऊबंदांकडे जातो, मग पंचांकडे, मग पोलीस ठाण्यावर. आणि सर्व उपाय थकल्यावर तहशील कचेरीची पायरी चढतो. तोंपर्यंत सहा महिने उलटून गेलेले असतात, आणि ज्या कायद्यानें त्यास थोडक्या खर्चांत दाद मिळावयाची त्याचेंच दार बंद झालेलें असतें. महसूल खात्याच्या नोकरींत असे अर्ज आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. म्हणून वकिलावांचून हा दावा कसा करावा तें आम्ही येथें क्रमानें सांगत आहों.

कायदा कोणता?— मामलेदार न्यायालय अधिनियम, सन १९०६. मुंबई इलाख्याच्या वेळचा हा कायदा महाराष्ट्रांत अद्याप चालू असून मामलेदाराचें काम आतां तहशीलदार पाहतात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट, विहीर, तळें किंवा पाट यांच्या पाण्याचा उपयोग, अथवा शेतजमिनीचा ताबा कोणी बेकायदा हिरावून घेतला तर तो परत देवविण्याचा, आणि पुढें अडथळा होऊं नये म्हणून मनाईहुकूम देण्याचा अधिकार कलम ५ नें त्यांस दिला आहे. जमीन मालकीची कोणाची, हा प्रश्न येथें नसतो. वाटेची वहिवाट कोणाची होती एवढेंच पाहिलें जातें.

याच्याशीं दुसऱ्या एका कलमाची गल्लत होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, सन १९६६, हिचें कलम १४३ हें ज्याच्या शेतास वाटच नाहीं त्यानें दुसऱ्यांच्या बांधावरून वाट मागण्यासाठीं आहे. ज्याची चालू वाट अडविली गेली त्यानें १९०६ च्या कायद्याखालींच यावें. एकाच अर्जांत “आमची वाट होती” आणि “आम्हांस वाट नाहीं” असें दोन्ही लिहिलें म्हणजे प्रतिवादीस आयतेंच कोलीत मिळतें.

मुदत.— अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल झालाच पाहिजे. समजा, १० जून रोजीं वाट बंद झाली, तर डिसेंबर उजाडण्यापूर्वींच दावा कचेरींत पोंचलेला असावा. तडजोडीचीं बोलणीं चालू होतीं ही सबब चालत नाहीं. बोलणीं खुशाल चालूं द्यावीं, पण दावा आधीं दाखल करावा.

फिर्यादींत काय लिहावें?— कलम ७ प्रमाणें पुढील बाबी हव्यात:
(१) वादी व प्रतिवादी यांचीं नांवें, वय, धंदा व राहण्याचें ठिकाण.
(२) जमिनीचें गांव व गट नंबर. वाट कोणत्या गटांतून, कोणत्या बाजूनें जाते.
(३) अडथळा झाल्याची तारीख.
(४) घडलेली हकीकत व मागणी.
(५) कागदपत्रांची व साक्षीदारांची यादी. साक्षीदारांस समन्स हवें कीं काय.
शेवटीं मजकूर खरा असल्याबद्दल सही करावी.

“प्रतिवादी दांडगा असून नेहमीं त्रास देतो” या वाक्यावरून कोणतेंहि न्यायालय कांहीं ठरवूं शकत नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें: “प्रतिवादीच्या गटाच्या पूर्व बांधालगत दक्षिणोत्तर गाडीवाट असून तिचा उपयोग आम्ही वडिलांच्या वेळेपासून करीत आलों. ता. १० जून रोजीं सकाळीं प्रतिवादीनें तींत आडवा चर खणला. तेव्हांपासून गाडी जात नाहीं.”

कायद्याची भाषा येत नाहीं म्हणून भिण्याचें कारण नाहीं. साधा अर्ज आला व तो या कायद्यांत बसणारा दिसला, तर कोणती दाद मिळूं शकते हें अर्जदारास समजावून सांगावें, आणि त्याची इच्छा असल्यास तसा शेरा मारून तोच अर्ज फिर्याद समजावा, असें कलम ८ सांगतें.

पुरावा.— निकाल तीन मुद्यांवर होतो: वादी दाव्यापूर्वींच्या सहा महिन्यांत वाटेचा उपयोग करीत होता काय, प्रतिवादीनें अडथळा केला काय, आणि तो अडथळा त्याच सहा महिन्यांत सुरू झाला काय. म्हणून गांवनकाशाची नक्कल काढावी. तींत गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. नकाशांत वाट नसली तरी दावा बुडत नाहीं. ज्यांचा या वादाशीं संबंध नाहीं अशा शेजारच्या शेतकऱ्यांच्या साक्षीनें वहिवाट शाबीत करतां येते. दोन्ही गटांचे सातबारा उतारे व अडथळ्याचे फोटो जोडावे. स्थळपाहणीच्या वेळीं स्वतः हजर राहून चाकोरी दाखवावी. नेमलेल्या तारखेस वादी गैरहजर राहिल्यास फिर्याद नामंजूर होऊं शकते, हें विसरूं नये.

निकालानंतर.— या निकालावर अपील नाहीं. मात्र कलेक्टर दप्तर मागवून तो तपासूं शकतात. कायम हक्काचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा. तसा उलट निर्णय होईपर्यंत तहशीलदारांचा हुकूम चालतो, आणि तेवढ्यांत पेरणी व सुगी दोन्ही साधतात.

म्हणून वाट अडली त्याच दिवशीं घरच्या वहींत तारीख, वेळ व पाहणाऱ्यांचीं नांवें टिपून ठेवावीं. भांडणापेक्षां ती एक ओळ शेतकऱ्याच्या अधिक उपयोगीं पडते.