एका बाहुलीमागे तिघे : जपानच्या बुनराकू रंगभूमीचे कलावंत आणि कारागीर

दुसऱ्याच्या तंत्राने चालणाऱ्या माणसाला आपण ‘कळसूत्री बाहुली’ म्हणतो. ज्ञानेश्वरीतही सूत्राने हलणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टांत येतो. अशा वेळी एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. बाहुल्या कितीही असोत, सूत्रे धरणारा हात एकाचाच. जपानमधील ओसाका शहरात वाढलेल्या ‘बुनराकू’ या बाहुलीनाट्यात मात्र हा हिशेब उलटा आहे. तेथे बाहुली एक आणि तिला खेळविणारी माणसे तीन. शिवाय तिच्या वतीने बोलणारा चौथा, आणि त्याच्या बोलण्याला तंतुवाद्याने आधार देणारा पाचवा. पडद्याआड राबणारे कारागीर वेगळेच. या साऱ्यांपैकी प्रेक्षकाला नावानिशी ठाऊक होतात ते थोडे, आणि ज्यांच्यावाचून बाहुली पाऊलही टाकू शकत नाही त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत भूमिकेपुढे छापली जात नाहीत.

या कलेचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर १६८४ साली ताकेमोतो गिदायू या गायक-निवेदकाने ओसाकात आपले नाट्यगृह उघडले. चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) या श्रेष्ठ नाटककाराने त्याच्यासाठी नाटके लिहिली. त्या काळी एका बाहुलीला एकच माणूस खेळवीत असे. तिघांनी मिळून एक बाहुली चालविण्याची पद्धत १७३४ सालच्या एका नाटकात प्रथम आली आणि पुढे तीच रूढ झाली. ‘बुनराकू’ हे नाव त्याही नंतरचे. आवाजी बेटावरून ओसाकात आलेल्या उएमुरा बुनराकुकेन याच्या नावावरून ते पडले.

तिघांची कामे

बुनराकूतील मुख्य पात्राची बाहुली साधारणतः माणसाच्या निम्म्या ते दोनतृतीयांश उंचीची असते. मोठ्या योद्ध्याची बाहुली पोशाख व शस्त्रांसह दहा किलोच्या आसपास भरते. हा सारा भार मुख्य खेळविणाऱ्याच्या डाव्या हातावर असतो. बाहुलीच्या पाठीला ठेवलेल्या फटीतून तो हात आत घालतो, मानेखालची मूठ धरतो आणि त्याच मुठीतल्या कळींनी डोळे, भुवया, तोंड हलवितो. त्याचा उजवा हात हा बाहुलीचा उजवा हात. दुसरा माणूस बाहुलीच्या डाव्या बाजूस उभा राहून, कोपराजवळ जोडलेल्या लांब दांडीने तिचा डावा हात चालवितो. पंखा, पत्र, तलवार अशा वस्तू वेळेवर पुढे करणे आणि काढून घेणे हेही त्याच्याकडेच. तिसरा माणूस वाकून, जवळजवळ अर्धा बसून पाय चालवितो. त्याला पुरेशी जागा मिळावी म्हणून मुख्य खेळविणारा उंच लाकडी खडावा घालतो. आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या तळाला गवती चपला बांधलेल्या असतात.

स्त्रीपात्रांच्या बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. पायांचा माणूस किमोनोच्या घेरात मुठी घालून, कापडाची कड चिमटीत धरून चालणे, बसणे, गुडघा टेकणे असे सारे दाखवितो. प्रेक्षकाला मात्र तिचे पाय दिसल्याचा भास होतो. या नियमाचा एक प्रसिद्ध अपवाद आहे. चिकामात्सुचे ‘सोनेझाकी शिंजू’ हे १७०३ सालचे नाटक दीर्घ काळानंतर १९५५ साली पुन्हा रंगभूमीवर आले. त्यात नायक ओसरीखाली लपलेला असतो आणि वर बसलेली नायिका ओहात्सु त्याला मरणाची तयारी आहे का, असे शब्दांनी विचारू शकत नाही. ती पाय खाली सोडते आणि तो तिचे पाऊल आपल्या गळ्याशी धरून उत्तर देतो. या एका प्रसंगासाठी ओहात्सुच्या बाहुलीला पाऊल देण्यात आले. त्या पुनरुज्जीवनात नायकाची बाहुली पहिल्या योशिदा तामाओ (१९१९–२००६) यांनी खेळविली आणि पुढे ही भूमिका त्यांनी हजाराहून अधिक वेळा केली. त्यांचे नाव जपानभर झाले. त्या हजार प्रयोगांत नायिकेचे पाऊल ज्यांच्या हाती होते त्यांची नावे सामान्य प्रेक्षकाला सांगता येणार नाहीत.

हे तिघे प्रयोगात एकमेकांशी बोलत नाहीत. मुख्य खेळविणारा बाहुलीच्या मानेचा वा खांद्याचा अगदी बारीक झोक देतो. ती खूण दुसऱ्याने डोळ्यांनी टिपावयाची असते. पायांच्या माणसाला वर पाहण्यास सवड नसते. त्याचा दंड मुख्य खेळविणाऱ्याच्या कमरेला टेकलेला असतो, आणि कमरेची हालचाल जाणवली की पाऊल कोणते व केव्हा टाकावयाचे हे त्याला कळते. पुरुषपात्राने रागाने पाय आपटला की तो आवाजही यानेच आपल्या पायाने काढावयाचा. काळा पोशाख आणि चेहऱ्यावर काळी झूल घालून ही माणसे वावरतात. महत्त्वाच्या प्रवेशांत मुख्य खेळविणारा उघड्या चेहऱ्याने येतो. उरलेले दोघे झाकलेलेच राहतात.

पाय दहा वर्षे आणि डावा हात दहा वर्षे, असे या कलेतले जुने परिमाण आहे. नवा मुलगा आधी प्रवेशद्वाराचा छोटा पडदा ओढतो, वस्तू हातात देतो, गर्दीच्या प्रसंगातील साध्या, एकट्याने चालवावयाच्या बाहुल्या धरतो आणि मग पायांशी येतो. वीस वर्षांनी तो मुख्य भूमिकेला हात लावतो तेव्हा आपल्या बाहुलीचे पाय आणि डावा हात यांना कोणती खूण केव्हा लागते हे त्याला सांगावे लागत नाही. हे शिक्षण संथ आहे. पण पाय न चालविता थेट मानेशी पोचलेल्या माणसाला ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळावे, हेही कळत नाही.

आवाज एकाचा, पात्रे सारी

प्रेक्षकांच्या उजव्या हाताला एका फिरत्या ओट्यावर निवेदक आणि शामिसेनवादक बसतात. निवेदकाला ‘तायू’ म्हणतात. म्हातारा, मूल, तरुणी, खलपुरुष यांची भाषणे आणि मधले सारे निवेदन बहुधा तो एकटाच करतो. आपल्याकडील कीर्तनकाराशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. मात्र कीर्तनकाराला आख्यान लांबविण्याची वा आखडते घेण्याची मुभा असते, ती तायूला नाही. संहितेची पोथी प्रारंभी कपाळाला लावून तो समोरच्या चौरंगीवर ठेवतो. ती पाठ असली तरी उघडी असते. पोटातून आवाज काढण्यासाठी तो पोटाला पट्टा बांधतो आणि पोशाखाच्या आत वाळू व कडधान्य भरलेली छोटी पिशवी ठेवतो. मोठा प्रवेश संपला की ओटा फिरतो आणि नवी जोडी पुढे येते. सातवे ताकेमोतो सुमितायू २०१४ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय ८९ होते.

शामिसेन हे तीन तारांचे वाद्य. बुनराकूत त्याचा जाड दांड्याचा, खर्जाचा प्रकार वाजवितात. त्याला साथीचे वाद्य म्हणणे चुकीचे ठरेल, कारण प्रसंगाची गती आणि भाव तेच ठरविते. तायू, शामिसेनवादक आणि बाहुल्या खेळविणारे यांची एकत्र तालीम फार थोडी होते. कोणी हातवारे करून ताल दाखवीत नाही. प्रत्येकाने आपली बाजू पूर्ण तयार करून यावयाचे आणि तेथे एकमेकांचे ऐकावयाचे, अशी ही रीत आहे.

डोके, केस आणि कपडे

बाहुलीचे डोके हिनोकी नावाच्या लाकडाचे असते. ते कोरून, आतून पोखरून, शिंपल्यांची पूड व सरस यांचे लेप देतात. आतील दोऱ्या व देवमाशाच्या मुखातील लवचीक पट्ट्यांच्या कमानी यांनी डोळे-भुवया हलतात. एका सुंदर स्त्रीच्या डोक्यात तर अशी योजना असते की दोरी ओढताच तोंड कानापर्यंत फाटते आणि ती राक्षसी दिसू लागते. मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात ओसाकातील बुनराकूचे नाट्यगृह जळाले आणि त्याबरोबर असंख्य डोकीही गेली. ओए मिनोसुके (१९०७–१९९७) या कारागिराने पुढील दशकांत जी डोकी कोरली त्यांवर युद्धोत्तर बुनराकू उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एकच डोके वेगवेगळ्या नाटकांत वेगवेगळ्या पात्रांसाठी वापरतात. त्यामुळे प्रत्येक नाटकापूर्वी रंग आणि केस नव्याने करावे लागतात. केसांचा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर माणसाचे केस बसवून टोप तयार करतो. केस बसविण्यासाठी तेल लावीत नाहीत, कारण तेलाने चेहऱ्याचा लेप बिघडतो. धड म्हणजे खांद्याची एक फळी, खाली कमरेचे बांबूचे कडे आणि पुढेमागे कापड. खांद्याला गोलाई यावी म्हणून फळीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी बसवितात. आपल्याकडे अंग घासण्याच्या कामी येणारी ही वस्तू तेथे राजकन्येचे खांदे होते! पोशाखाचे भाग कपडेविभाग पुरवितो, पण ते बाहुलीवर शिवून चढविण्याचे काम मुख्य खेळविणाऱ्याचे. कमरेचा कल, मानेची उंची त्याने आपल्या हाताला साजेल अशी बांधावयाची असते. प्रयोगमाला संपली की सारे उसवून परत करावयाचे.

आश्रय आणि वारसदार

बुनराकूचा कारभार १९०९ पासून एका खासगी नाट्यसंस्थेकडे होता. १९६३ साली ‘बुनराकू क्योकाई’ या संघाकडे तो गेला. जपानी शासनाने १९६६ साली टोकियोत राष्ट्रीय नाट्यगृह आणि १९८४ साली ओसाकात खास बुनराकूसाठी राष्ट्रीय नाट्यगृह बांधले. युनेस्कोने २००३ साली या कलेचा गौरव केला आणि २००८ साली तिची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली.

इमारतींपेक्षाही महत्त्वाचे पाऊल १९७२ चे. त्या वर्षी शासकीय प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. कलावंताच्या घरी जन्म नसलेल्या मुलालाही त्यात प्रवेश मिळतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रारंभी निवेदन, शामिसेन आणि बाहुल्या ही तिन्ही अंगे शिकवितात व काही महिन्यांनी कल पाहून एकाची निवड होते. आजच्या कलावंतांपैकी निम्म्याहून अधिक या वर्गातून आलेले आहेत. बुनराकूत घराण्याचे नाव गुरूकडून शिष्याला मिळू शकते. पहिल्या योशिदा तामाओंचे नाव २०१५ साली त्यांच्या शिष्याने धारण केले.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी जतन केल्या आहेत. त्यासाठी झटणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. तेथे बाहुल्या जपणे, नाचविणे, गाणे आणि वाजविणे ही कामे मुख्यतः घरातल्या माणसांतच वाटली जातात. घर हीच शाळा असल्याने वेगळ्या वर्गाचा खर्च नाही, हे खरे. परंतु घरातील मुलगा नोकरीसाठी बाहेर पडला की शाळाही त्याच दिवशी बंद होते. १९७२ मध्ये जपानने हा धोका ओळखला होता.

तरीही तेथील अडचण संपलेली नाही. २०१२ साली ओसाकाच्या तत्कालीन महापौरांनी शहराचे अनुदान रोखण्याचा इशारा दिला. बरीच चर्चा होऊन पुढे ते प्रेक्षकसंख्येशी जोडण्यात आले. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला जाणे योग्यच आहे. मात्र वीस वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब एका वर्षाच्या तिकीटविक्रीवरून लागत नाही. २०२३ साली सुरू व्हावयाच्या प्रशिक्षण-तुकडीसाठी ठरलेल्या मुदतीत एकही अर्ज आला नव्हता. वर्ग सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर टोकियोचे राष्ट्रीय नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

शिकाऊ मुले आली नाहीत की पहिली टंचाई पायांना भासते, कारण पाय नेहमी सर्वांत नव्या माणसाकडे असतात. मग डाव्या हातापर्यंत पोचलेल्याला पुन्हा वाकून पायांशी बसावे लागते आणि त्याची पुढची पायरी लांबते. मुख्य खेळविणारा कितीही श्रेष्ठ असो, त्याच्या एकट्याच्या हाताने नायक उभा राहील, चालणार नाही.

ओसाकाच्या व्यावसायिक बुनराकूत आजही केवळ पुरुषच काम करतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत स्त्रियांसाठी ‘ओतोमे बुनराकू’ हा वेगळा प्रकार निघाला. त्यात बाहुलीचे डोके खेळविणाऱ्या स्त्रीच्या डोक्याशी दोऱ्यांनी जोडलेले असते आणि ती एकटीच सारी बाहुली चालविते. ज्या आवाजी बेटावरून बुनराकूच्या नावाचा मूळ पुरुष ओसाकाला आला, तेथील बाहुली मंडळीत मात्र स्त्रिया निवेदन करतात, शामिसेन वाजवितात आणि बाहुल्याही खेळवितात. एका बाहुलीमागे तिघे ही पद्धत तेथेही तीच आहे.