लेकरं ऐकत असतात

पालकहो, स्नेहसंमेलन जवळ आलं की वेशभूषेचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांत आपली झुंबड उडते. ‘विविधतेत एकता’ हा विषय तर ठरलेलाच. पंजाबी म्हटलं की ढोल. मद्रासी म्हटलं की लुंगी आणि कपाळावर भस्माचे पट्टे. बंजारा म्हटलं की आरशांचा घागरा. आणि आदिवासी म्हटलं की कमरेला पानांच्या आकारात कापलेल्या हिरव्या कागदाची झालर, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि तोंडाला काळा रंग. गाणं सुरू होतं, लेकरं ‘झिंगालाला’ करत उड्या मारतात आणि आपण मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढतो.

यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण कार्यक्रम संपला, कपडे दुकानात परत गेले, तरी लेकराच्या डोक्यात काहीतरी उरतंच. आदिवासी म्हणजे पानं नेसून नाचणारा माणूस, हे ते लेकरू तिसरीत शिकतं. पुढे इतिहास-भूगोलाचे कितीही धडे झाले तरी हे चित्र पुसलं जात नाही. आज मला तुमच्याशी याच चित्रांबद्दल बोलायचं आहे.

आपलं जालना सळईचं गाव. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याची कांडी ओतायची, ती लालबुंद असताना रोलिंग मिलमध्ये ओढायची आणि सळई काढायची. उन्हाळ्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे असतो, तेव्हा भट्टीपुढे उभं राहणं काय असतं, हे त्या कामगारांनाच ठाऊक. त्यांना आपण सरसकट ‘बिहारी’ म्हणतो, नाहीतर ‘भय्ये’. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळावर मालगाडीखाली सोळा मजूर गेले. टाळेबंदीत जालन्यातलं काम बंद पडलं होतं. श्रमिक गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने भुसावळकडे पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून रुळावरच झोपले. सकाळी रुळावर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी बिहारचा कुणीच नव्हता. ती माणसं मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांची होती, आणि त्यांतले अनेक जण गोंड आदिवासी होते.

म्हणजे मंचावर पिसं लावून जे आदिवासी आपण उभे करतो, ते खरे आपल्याच गावात होते. पँट-शर्ट घालून, पाठीवर पिशवी अडकवून, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवत. त्यांनी ओढलेली सळई आपल्या घराच्या स्लॅबमध्ये आहे. पण आपण त्यांना ओळखलं नाही, कारण आपल्या डोक्यातल्या चित्रात पँट-शर्ट बसत नव्हता.

आता बिहारचंच घ्या. ‘ते लोक घाण करतात, देवाधर्माचं काही नाही,’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतं. ज्यांच्याबद्दल आपण हे बोलतो, त्यांची छठपूजा एकदा जवळून बघा. दिवाळीनंतर सहाव्या दिवशीचा हा सण चार दिवस चालतो. पहिल्या दिवशी अंघोळ करून, घर-चूल स्वच्छ करून साधं जेवण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुळाची खीर खायची आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तास पाण्याचा थेंबही नाही. आधी मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, मग दुसऱ्या पहाटे पाण्यात उभं राहून उगवत्या सूर्याला. भटजी लागतोच असं नाही. बाया व्रत धरतात, पुरुषही धरतात. आणि सुपात मांडलेला तो ठेकुआ हातात घेऊन पाहा: गव्हाचं पीठ, गूळ, तूप, तळून काढलेला. आपल्या आखाडातल्या कापण्यांची सख्खी बहीण! ज्या घरात कापण्या तळल्या जातात, तिथल्या लेकराला ठेकुआ परका वाटायचं कारण नाही. कुणीतरी तो त्याच्या हातावर ठेवायला हवा, एवढंच.

परराज्यातली माणसं जाऊ द्या, आपल्या शेजारच्या तांड्याबद्दल तरी आपल्याला कितीसं माहीत असतं? मंठा, परतूर, घनसावंगी या भागांत गावाला लागून तांडे आहेत. तरी गावातलं पोर तांड्यावरच्या पोराबद्दल काय ऐकतं? भटके, दारू काढणारे, त्यांच्या नादी लागू नको. कुणी त्याला सांगत नाही, की रेल्वे येण्याआधी या मुलखात धान्य आणि मीठ फिरायचं ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. १८०३ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज आणि शिंद्यांची मोठी लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पोचवण्यात बंजाऱ्यांच्या तांड्यांचा मोठा हात होता. पुढे रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, बैलांवरचा व्यापार बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा केला आणि कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. कागदावरून शिक्का गेला, पण आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. याच बंजारा समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इतका दीर्घ सलग काळ त्या खुर्चीवर राहणं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. एवढं माहीत असलेलं लेकरू तांड्यावरून आलेल्या वर्गमित्राकडे वेगळ्या नजरेने पाहील की नाही, तुम्हीच सांगा.

हे सगळं आपल्याला दुसऱ्यांदा समजावून सांगायची गरज पडू नये, कारण आपण स्वतः याचे चटके खाल्ले आहेत. आपली पोरं स्पर्धा परीक्षेसाठी, कॉलेजसाठी पुण्याला जातात. तिथे पोचताच त्यांना काय ऐकावं लागतं? ‘मराठवाड्याचा का? तुमच्याकडे पाणी असतं का रे?’ ‘काय करायलास’ असं तोंडून निघालं की आजूबाजूचे हसतात. दिवाळीच्या आसपास आपल्याकडची किती जोडपी मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीत टाकून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे फडाच्या कडेला कोपी करून राहतात. त्यांच्या लेकरांना तिथल्या शाळेत कुणी शेजारी बसवून घेत नाही तेव्हा आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. पाण्याचा टँकर म्हणजे आख्खा मराठवाडा नाही, हे आपण तावातावाने सांगतो. मोसंबीच्या बागा, बियाण्यांच्या कंपन्या, समर्थांचं जांब, राजूरचा गणपती, सगळं मोजून दाखवतो. मग हीच सवलत शहडोलच्या माणसाला, बिहारमधल्या छपऱ्याच्या माणसाला, पारध्याला द्यायला आपला हात आखडता का?

आणि परदेश? तिथे तर आपण बिनधास्त सुटतो. ‘अमेरिकेत पोरं अठरा वर्षांची झाली की घराबाहेर, म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही.’ प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये अमेरिकेतले सुमारे १८ टक्के लोक दोन किंवा अधिक प्रौढ पिढ्या एकत्र असलेल्या घरांत राहत होते. उरलेल्यांतले कितीतरी जण रोज आईला फोन करतात, रविवारी जेवायला जातात. आणि आई-वडिलांना सांभाळलं पाहिजे असं सांगणारा कायदा २००७ मध्ये आपल्या देशालाच करावा लागला, हे विसरून कसं चालेल? जालन्याच्या कोणत्याही खेड्यात चक्कर मारा, कुलूप लावलेली माड्यांची घरं आणि ओसरीवर एकटी बसलेली म्हातारी माणसं दिसतील. पोरं पुण्याला आहेत, वाईट नाहीत. परिस्थिती आहे. अमेरिकेतल्या पोरांचीही असू शकते.

‘आफ्रिका म्हणजे जंगल आणि उपासमार’ हे तर आपल्या लेकरांना पाठच असतं. त्या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत, विमानतळ आहेत, विद्यापीठं आहेत, कवी आहेत, वाहतूक कोंडी आहे. आणि आपण रोज जी ज्वारीची भाकरी खातो, ती ज्वारी मुळात आफ्रिकेतली. पूर्व सुदानच्या भागात माणसाने ती हजारो वर्षांपूर्वी पेरायला घेतली, मग ती समुद्रमार्गाने आपल्याकडे आली. सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ किसरा घालतात. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ज्या मिरचीचे ढीग लागतात, ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली. झणझणीत ठेचा आणि भाकरी, आपलं अस्सल गावरान जेवण, दोन परक्या खंडांनी आपल्या ताटात वाढलेलं आहे.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, ‘हे सगळं ठीक आहे, पण काळ वाईट आहे. लेकरांना सावध नको का करायला?’ करायलाच हवं. पण सावध कशापासून करायचं, हे आधी ठरवू या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. ‘पोरं पळवणारी टोळी फिरतेय’ अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती, आणि अनोळखी वेश दिसताच लोकांचा विवेक सुटला. मारणाऱ्यांत आपल्यासारखेच बाप होते, स्वतःच्या लेकरांच्या काळजीने पेटलेले. वेशावरून माणूस ओळखायची सवय कुठवर नेते, ते तिथे दिसलं. उलट बाल अत्याचाराच्या बहुतांश प्रकरणांत गुन्हेगार ओळखीतलाच निघतो, शेजारचा, नात्यातला. म्हणून लेकराला माणसाच्या वागण्यावरून सावध व्हायला शिकवा. जो कुणी ‘हे आईला सांगू नको’ म्हणेल, जो नको तिथे हात लावेल, जो खाऊ देऊन एकटं बोलावेल, तो कुठल्याही जातीचा, भाषेचा, नात्याचा असो, त्याच्यापासून पळ आणि घरी येऊन सांग. एवढ्याने लेकरू सुरक्षित होतं. ‘त्या लोकांपासून लांब राहा’ म्हटल्याने ते सुरक्षित होत नाही, फक्त घाबरट होतं.

‘सगळी माणसं सारखीच’ असंही लेकरांना सांगत बसू नका. ते खरं नाही आणि त्यांना पटतही नाही. माणसं वेगळी असतात, वेगळं खातात, वेगळ्या दिवशी उपास करतात, मेलेल्याला वेगळ्या रीतीने निरोप देतात. फरक दिसू द्या, त्याबद्दल प्रश्न पडू द्या. अडचण सुरू होते ती एका माणसावरून हजारांचा निकाल लावला की.

मग घरात करायचं काय? ‘ते सगळे असेच असतात’ असं लेकरू म्हणालं की ओरडू नका. शांतपणे विचारा, ‘तू त्यांच्यातल्या किती जणांना ओळखतोस?’ उत्तर बहुधा ‘एकालाही नाही’ असं येतं, आणि पुढचं काम ते लेकरू स्वतःच करतं. आजोबा किंवा मामा काही बोलले तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा करायची गरज नाही. रात्री लेकराजवळ बसून ‘आजोबा म्हणाले ते तुला काय वाटलं?’ असं विचारलं तरी पुरतं. मोबाइलवर आलेला मजकूर लेकरांपुढे मोठ्याने वाचायच्या आधी तो कुठून आला ते पाहा; कळलं नाही तर वाचूच नका. स्नेहसंमेलनात पुढच्या वेळी आदिवासी नृत्य ठरलं तर शिक्षकांना एवढंच विचारा, की ही माणसं कुठल्या जिल्ह्यातली, कोणत्या सणाला हे नाचतात, सकाळी काय खातात? उत्तर मिळालं तर नाच करा, तोंडाला काळं मात्र फासू नका.

ईदेचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची ताटं जालन्यात पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे जातात. ती जाऊ द्या, पण फक्त सणाला नको. परीक्षेच्या आदल्या दिवशी, लाईट गेलेल्या संध्याकाळी, पाहुणे नसताना लेकराला मित्राच्या घरी जाऊ द्या. मित्राची आईही अभ्यासावरून ओरडते आणि तिचाही गॅस महिनाअखेरीस संपतो, हे कळायला साधासुधा दिवसच लागतो.

‘जालना सोने का पालना’ असं आपण अभिमानाने म्हणतो. हा पाळणा कितीतरी ठिकाणांहून आलेल्या व्यापारी, विणकर, शेतकरी, मजूर अशा माणसांनी हलता ठेवला आहे. तेव्हा एवढंच करा: तुमच्या घराचं काम करणारा गवंडी, गाडीत माल चढवणारा हमाल, शेजारच्या खोलीतला भाडेकरू, यांच्यापैकी एकाला या आठवड्यात लेकरासमोर त्याच्या गावाचं नाव विचारा, आणि ते सांगत असताना मध्येच तोडू नका.